सारवलेल्या भिंती

जिल्ह्याहून आलेल्या भूगर्भतज्ज्ञांनी धोंडूआजीच्या भिंतीवर तळहात फिरवला आणि मग तो उलटा करून पाहिला. हाताला ओलं शेण लागलं होतं.

"गुरुजी, भेग कुठे आहे?"

मी भिंतीकडे बघत राहिलो. दाराच्या चौकटीपासून वळचणीपर्यंत गेलेली भेग मी स्वतः तीन वेळा पाहिली होती. माझ्या वर्गातल्या मुलांनी ती आठ आठवडे मोजली होती. आता तिथे बोटांचे अर्धगोल उमटलेली सुबक भिंत होती, खाली चुन्याची पांढरी कडसुद्धा ओढली होती.

"इथेच होती, साहेब."

"म्हणजे आता वहीतच उरली," त्यांच्यासोबत आलेले तहसीलदार हसले. माणूस वाईट नव्हता. पण पाऊस वाढत होता, आणि खाली घाटात दरड आली तर आपण इथेच अडकू ही धास्ती त्यांच्या तोंडावर दिसत होती.

मी वही पुढे केली. चौथीतल्या रेश्मा आखाडेच्या गोल अक्षरात घरांची नावं, सोमवारच्या तारखा आणि मिलिमीटर. भूगर्भतज्ज्ञ साहेबांनी चार पानं उलटली.

"मुलांनी मोजलंय?"

"हो. पट्टीनं. मी शेजारी उभा असायचो."

"उपक्रम चांगला आहे," ते म्हणाले आणि वही परत दिली.

"भेगा बुजवल्यात, साहेब. म्हणून दिसत नाहीत."

"ते कळलं. आजी, कधी सारवलंत?"

"काल अन् परवा," धोंडूआजी म्हणाली. "च्या घ्या की. भिताडाला काय बघताय?"

"दरसाल सारवता?"

"न सारवून कसं चालंल? मातीचं घर हाय."

वाडीचे पोलीस पाटील धाकलू आखाडे डोक्यावर घोंगडी घेऊन आमच्याबरोबर फिरत होते. रेश्मा त्यांची मुलगी. ते पुढे झाले. "दरसाल, साहेब. भेगा पडत्यात, बाया बुजवत्यात. आज्यापणज्यापासनं चाललंय."

साहेब माझ्याकडे वळले. "खरं का, गुरुजी? दरसालचंच आहे हे?"

"दरसाल सारवतात," मी म्हणालो.

ते लिहू लागले. लिहितालिहिता म्हणाले, "एक हातभर जागा खरवडून बघू या का?" तशी धोंडूआजी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"दोन दिस कंबर मोडून सारवलंय. भिंत खरवडायची तर आदी मला खरवडा."

सगळे हसले. मीही हसलो. मग साहेब वरच्या रानाकडे चढायला निघाले, पण पहिल्याच बांधावर त्यांचा पाय घसरला आणि ते गुडघ्यावर आपटले. तहसीलदारांनी घड्याळ पाहिलं. धाकलूंच्या पडवीत बसून पंचनामा लिहिला गेला. पंच म्हणून मी आणि धाकलूंनी सह्या केल्या. एक प्रत पोलीस पाटलाकडे राहिली. ती त्यांनी खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

हा बुधवार होता. जुलै महिना, एकोणीस साल.

सावरदांड म्हणजे एकतीस घरांची धनगरवाडी. घरं डोंगराच्या पोटाला चिकटलेली. मधे ओढा, ओढ्यावर साकव आणि पलीकडे काळ्या कातळावर माझी दोन खोल्यांची शाळा. मी अकरा वर्षं तिथे शिकवत होतो आणि आठवड्याचे सहा दिवस शाळेच्या मागच्या खोलीतच राहायचो. वाडीतले बहुतेक तरुण मुंबईला बाजारात ओझी उचलायला गेलेले. पावसाळ्यात वाडीत असायची म्हातारी माणसं, बायका, मुलं आणि म्हशी. त्या वर्षी माणसं मोजून सत्त्याऐंशी होती.

मे महिन्यात शर्वाणी बनसोडे नावाची एक मुलगी पुण्याहून आली होती. संशोधन करत होती. तिच्या फोनवर आमच्या डोंगराचं चित्र होतं, वरून घेतलेलं, आणि त्यावर बारीक रंगीत ठिपके होते. सुट्टी असूनही मी मुलांना गोळा केलं. नवं काही शिकवणारं माणूस वाडीत रोज थोडंच येतं!

"हे कुणी काढलं?" रेश्मानं विचारलं.

"उपग्रहानं. सातशे किलोमीटर उंचीवरून. दर बारा दिवसांनी तो याच जागेवरून जातो."

"ढग असले तर?"

"त्याला ढगातूनही दिसतं. तो उजेडावर बघत नाही. स्वतःच्या लहरी खाली सोडतो आणि त्या आपटून परत आल्या की ऐकतो."

मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटेना. तेव्हा मी सगळ्यांना ओढ्याच्या काठावर नेलं आणि समोरच्या कड्याकडे तोंड करून ओरडायला सांगितलं. कड्यानं त्यांची हाक परत दिली. मी विचारलं, "कडा थोडा पुढे सरकला, तर हाक लवकर येईल की उशिरा?"

"लवकर!"

"आणि मागे सरकला तर?"

"उशिरा!"

"किती उशिरा, ते तुम्हाला कानानं कळणार नाही. उपग्रहाला कळतं. एका नखाएवढा सरकला तरी."

शर्वाणीनं मला नंतर बाजूला घेतलं. ठिपके फक्त पत्र्यांवर आणि उघड्या कातळावरच मिळतात, झाडीत मिळत नाहीत, असं ती म्हणाली. शाळेच्या कातळावरचे ठिपके हिरवे होते, म्हणजे जागच्या जागी. वाडीतल्या एकोणीस घरांचे ठिपके लाल होते. देवळाच्या स्लॅबवरचाही लाल. साडेतीन महिन्यांत ती घरं सात सेंटिमीटर खाली सरकली होती.

"घरं नाही हो, गुरुजी," ती म्हणाली. "त्यांच्याखालची जमीन. सगळी मिळून."

जिल्ह्याला तिनं अहवाल पाठवला. कार्यालयानं कळवलं की, नुसत्या चित्रावरून वाडी हलवता येत नाही, प्रत्यक्ष पाहणी लागेल. पाहणी कधी होईल ते सांगता येत नव्हतं. तोवर जमिनीवरचा पुरावा हवा म्हणून तिनं मुलांना भेगा मोजायला शिकवलं. भेगेच्या दोन बाजूंना पेन्सिलीचे दोन ठिपके आणि दर सोमवारी त्यांच्यातलं अंतर. मुलं हरखली. जून संपता संपता धोंडूआजीच्या भिंतीतलं अंतर चोवीसवरून एकतीस मिलिमीटर झालं होतं. मी रात्री दिवा मालवल्यावर ते आकडे मनात पुन्हा पुन्हा म्हणायचो.

आणि पाहणी झाली ती अशी.

गुरुवारी दिवसभर पाऊस होता. शुक्रवारी सकाळी प्रार्थना चालू असताना रेश्मा उशिरा आली. हातात पट्टी होती. ती रांगेत उभी राहिली नाही, सरळ माझ्याकडे आली.

"गुरुजी, भेग परत आली."

"कुठली?"

"धोंडूआजीची. सारवणातनं आली. आमच्यात पण आली. आजीची मी मोजली. बारा."

"बारा मिलिमीटर? नव्या सारवणावर?"

तिनं मान हलवली. प्रार्थना थांबली होती. मुलं आमच्याकडे बघत होती.

मी साकव ओलांडून वाडीत गेलो. धोंडूआजी उंबऱ्यात बसली होती. दार अर्धवट उघडं होतं आणि ती दोन्ही हातांनी ते लोटत होती.

"कवाधरनं लागंना झालंय. फुगलं आसंल पावसानं."

दार फुगलं नव्हतं. चौकट तिरकी झाली होती. वरच्या कोपऱ्यात माझी दोन बोटं गेली, खालच्या कोपऱ्यात लाकूड लाकडाला घासत होतं. मी भिंतीकडे पाहिलं. सोमवार-मंगळवारी सारवलेल्या त्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एकच काळी रेघ होती.

"आजी, सारवण वाळताना भेगा पडतात ना?"

"पडत्यात की. पर त्या कोळ्याच्या जाळ्यावानी पडत्यात, बारीक बारीक." तिनं रेघेवर बोट ठेवलं, मग बोट आत घातलं. पेर दिसेनासं झालं. तिचा आवाज उतरला. "ही तसली न्हाय. आन् आजून वाळलंय कुठं?"

परत जाताना मी पाणवठ्यावर थांबलो. तिथला झरा बारा महिने काचेसारखा असे. आता तो चहाच्या रंगाचा होता आणि पाण्यात माती गोल फिरत होती. म्हणजे डोंगराच्या आतली माती सुटत होती. तिथल्या दगडावर मी थोडा वेळ बसलो. मग लक्षात आलं की, मी ज्याच्यावर बसलोय, तो दगडही त्याच जमिनीवर आहे. मी पळतच साकव ओलांडला.

शाळेच्या मागच्या खडकावर उभं राहिलं की फोनला एखादी रेघ मिळायची. आधी तहसीलदारांना लावला.

"गुरुजी, घाटात दोन ठिकाणी दरड आलीय. सोमवारच्या आत माणूस पोचत नाही. आणि परवाच तर पंचनामा झालाय! मी आता कशाच्या आधारावर आदेश काढू?"

"भेगा परत आल्यात, साहेब. झरा गढूळ झालाय."

"लोकांना हलवायचं तर हलवा. शाळा वापरा. माझी ना नाही. पण लेखी मागू नका."

मग शर्वाणीला लावला. मी भेगेचं आणि झऱ्याचं सांगितलं आणि विचारलं,

"पुढचं चित्र कधी?"

"रविवारी सकाळी सहाला उपग्रह तुमच्यावरून जाईल. चित्र हातात यायला सोमवार उजाडेल."

"मला आज सांग. पडणार का?"

"गुरुजी, उपग्रह मागचं सांगतो, पुढचं नाही. दिवस कुणीच सांगू शकत नाही." ती थांबली. "पण भेग आणि झरा दोन्ही एकदम, हे मला चांगलं वाटत नाही. तुम्ही कुठे उभे आहात आत्ता?"

"कातळावर. हिरव्या ठिपक्यावर."

"सगळ्यांना तिथे आणा. देवळात नाही. देऊळ लाल आहे."

मी शाळेची घंटा एकसारखी बडवली. वाडी ओढ्याच्या पलीकडे जमली. पावसाच्या आवाजात मला ओरडून बोलावं लागत होतं. मी शाळेत चला म्हणालो तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच.

"कवा पडणार, गुरुजी?"

"माहीत नाही."

"मंग?"

"तुमच्या उपगिराला इचारा की!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि दोन-चार जण हसले.

"देवळात जाऊ," एक म्हातारा म्हणाला. "जानाईचं देऊळ पक्कं हाय. स्लॅबचं. म्हशीबी तिथनं दिसतील."

"देवळाखालची जमीन सरकतेय, काका. जमीन सरकली तर स्लॅब काय करणार?"

"तुमचं बरं हाय. तुमचं घर कातळावर."

तेवढ्यात धोंडूआजी गर्दीतून पुढे आली. एका हातात देवघरातला टाक, दुसऱ्या हातात कोंबडी. "मी निगाले," ती म्हणाली. "पन्नास वर्सं ती भिंत सारवतेय. माझं बोट तिनं आजवर कधी गिळलं न्हवतं." आणि ती साकवावर चढली. तिच्यामागून बायका निघाल्या, बायकांमागून मुलं. अंधार पडायच्या आत सत्त्याऐंशी माणसं शाळेच्या दोन खोल्यांत आणि व्हरांड्यात आली. म्हशी साकवावरून येईनात. फळ्या निसरड्या झाल्या होत्या. त्यांना वैरण टाकून पलीकडेच ठेवावं लागलं.

शनिवारी सकाळी पाऊस थांबला. डोंगर धुऊन निघाल्यासारखा हिरवागार दिसत होता. एकतीस छपरं जागच्या जागी होती. मला आठवतं, त्या उजेडाची मला पावसापेक्षा जास्त भीती वाटली, कारण लोकांची भीती उतरत चालली होती.

शाळेत दाटीवाटी होती. तान्ही मुलं रडत होती. खिचडीचे तांदूळ संपले होते. ओढ्यापलीकडून न पिळलेल्या म्हशींचं हंबरणं एकसारखं येत होतं. धाकलूंच्या तीन दुभत्या म्हशी होत्या. अकरा वाजता ते दुधाची कासांडी घेऊन उठले.

"धाकलू, नका जाऊ."

"सड फुटतील, गुरुजी. कालच्या सकाळधरनं पिळल्या न्हाईत. तुमच्या उपगिरानं म्हशी पिळल्या असत्या तर मी बसलो असतो हितं निवांत."

व्हरांड्यातले लोक हसले. मी त्यांचा दंड धरला.

"भेग पाहिलीत ना तुम्ही? तुमच्या घरातसुद्धा आहे."

"भेगा मी जल्मल्यापासनं बघतोय." त्यांनी दंड सोडवून घेतला नाही. मोकळ्या हातानं आतल्या खिशातून प्लॅस्टिकची गुंडाळी काढली आणि पंचनामा उलगडला. सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. धाकलू सातवीपर्यंत शिकलेले होते, वाचायला आवडायचं त्यांना. "'घरांच्या भिंतींना दरवर्षी किरकोळ भेगा पडतात व ग्रामस्थ त्या सारवणाने बुजवतात. धोकादायक हालचालीची खूण प्रत्यक्ष पाहणीत आढळली नाही.' आढळली न्हाय, गुरुजी. जिमिनीतलं शिकल्याला माणूस आलता. शिक्का हाय. आन् खाली तुमची सही हाय."

सगळे माझ्याकडे बघत होते. मुलंही. रेश्मा खिडकीच्या गजाला धरून उभी होती.

"ते घाईत लिहिलंय," मी म्हणालो.

"घाईत लिवलंय, पर खोटं लिवलंय का?"

मी त्यांचा दंड सोडला.

"खोटं आसंल तर सांगा. मी हितंच बसतो."

"ते सोमवारी पुन्हा बघायला येणार आहेत," मी म्हणालो.

"मंग सोमवारी बघू." त्यांनी कागदाची जपून घडी केली. "अर्ध्या तासात आलो. रेश्मे, आईला म्हणावं चूल पेटव. दूध आणतो पोरास्नी."

ते गेले. आणखी दोघं उठले होते, पण त्यांच्या बायकांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मी व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहून बघत होतो. साकवावरून जाताना त्यांनी पाय जपून टाकले. मग ते गोठ्यात शिरले. हंबरणं कमी झालं. कुणीतरी म्हणालं, "पिळायला बसला."

आधी आवाज आला नाही. आधी झाडं चालली. वरच्या रानातली सावरीची आणि जांभळाची झाडं, उभीच्या उभी, एकमेकांपासून न हलता खाली येऊ लागली. एखाद्यानं पाटावर मांडलेली चित्रं पाटासकट सरकवावीत तशी. मला वाटलं, मलाच भोवळ आलीय. मग आवाज आला, आणि तो कानांनी नव्हे, पायांनी ऐकू आला. कातळ थरथरत होता. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. गोठ्याच्या दारात धाकलू दिसले. त्यांनी वर पाहिलं. पळण्याआधी ते एक पाऊल मागे गेले, दावी सोडायला. मग पत्रे, भिंती, देवळाचा स्लॅब, सगळं एकाच तपकिरी रंगाचं झालं आणि ओढ्यात उतरलं. साकव काडीसारखा मोडला. चिखल आमच्या कातळाला येऊन थडकला, शाळेच्या दहा-बारा पावलं खाली, आणि वळून ओढ्यानं निघून गेला.

मग शांत झालं. फोडलेल्या मातीचा आणि चिरडलेल्या पाल्याचा वास आला. रेश्माची आई सुंदराबाई चुलीपुढे बसली होती. तिच्या हातात फुंकणी तशीच होती.

रविवारी डोंगराच्या मागच्या वाटेनं लोक आले आणि आम्हाला खाली तालुक्याच्या गावी एका मंगल कार्यालयात नेलं. धाकलू सापडले नाहीत. सोमवारी सकाळी शर्वाणीचा फोन आला. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"गुरुजी, ठिपके गेलेत. बावीस घरांचे ठिपकेच नाहीत. मी सकाळपासून फोन लावतेय. माणसं?"

"शाळेत होती."

"सगळी?"

"एक नव्हता," मी म्हणालो.

दुपारी मी कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. रेश्मा आली आणि शेजारी बसली. तिच्या अंगात कुणाचातरी मोठा फ्रॉक होता. मग आपल्या नखांकडे बघत ती म्हणाली,

"गुरुजी, आमच्या घरची भेग मी बुजवली होती."

"हं."

"आईनं शेण कालवून दिलं, पण बुजवली मी. हात वर पुरत नव्हता, तर डब्यावर उभी राह्यले." ती थांबली. "आई म्हणती, भेग दिसली असती तर साहेबांनी तसं लिवलं असतं. मग बाबा गेलंच नसतं. मी बुजवली म्हणून बाबा गेले का?"

सव्वीस वर्षं मी मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. उत्तर येत नसलं तर 'उद्या बघून सांगतो' म्हणायचीही मला लाज वाटत नसे. या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"रेश्मा, आपल्याकडे घरं कधी सारवतात?"

"दिवाळीच्या आधी. आणि होळीला."

"पावसाळ्यात?"

"नाही. वाळत नाही ना."

"मग या वेळी का सारवलं?"

ती माझ्याकडे बघू लागली. तिला आठवत होतं, पण म्हणावं की नाही हे कळत नव्हतं. म्हणून मीच म्हणालो.

"सोमवारी मी वर्गात सांगितलं. बुधवारी साहेब येणार आहेत, घरअंगण स्वच्छ दिसलं पाहिजे, आईला म्हणावं भिंती सारवून घ्या. बरोबर?"

"हं."

साहेब येणार म्हटलं की शाळा झाडायची, भिंती पुसायच्या, दारात रांगोळी काढायची. सव्वीस वर्षांची सवय. भेगा बघायलाच साहेब येणार होते आणि मीच त्या बुजवायला सांगितल्या, हे मला धोंडूआजीच्या भिंतीसमोर उभं राहीपर्यंत सुचलं नव्हतं.

"त्या दिवशी साहेबांनी मला विचारलं होतं, हे दरसालचंच का म्हणून," मी म्हणालो. "मी हो म्हणालो. साहेब, पावसाळ्यात इथे कुणी सारवत नाही, हे फक्त तुमच्यासाठी सारवलंय, मी सांगितलं म्हणून, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी भिंत खरवडली असती. मला लाज वाटली. तहसीलदारांसमोर, तुम्हा सगळ्यांसमोर. आणि शनिवारी तुझ्या बाबांनी विचारलं, खोटं लिहिलंय का. तेव्हाही लाज वाटली."

आत कुणीतरी भांडी घासत होतं.

"म्हणजे मी नाही?"

"नाही. तू मोजलंस. तुझी मोजणी बरोबर होती. पहिल्या दिवसापासून."

ती खूप वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली, फळ्यावरचं गणित पुन्हा ताडून पाहावं तशी. मग म्हणाली,

"आईला सांगा."

मी उठलो. कार्यालयाच्या त्या टोकाला, भिंतीशी, बायकांच्या घोळक्यात सुंदराबाई बसली होती. मधे सतरंज्या पसरलेल्या, वीस-एक पावलांचं अंतर. रेश्मा माझ्यामागून येत होती, तिनं माझा हात धरला नव्हता.

मला येताना पाहून सुंदराबाईनं पदर सावरला आणि शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगितलं.

"बसा, गुरुजी," ती म्हणाली.

मी उभाच राहिलो आणि सांगायला सुरुवात केली.